छायेतला तपशील

उर्दूत फोटो काढण्याला 'अक्कासी' म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब, पाण्यात किंवा आरशात पडते ते. मराठीत त्याच गोष्टीला छायाचित्र म्हणतात, म्हणजे सावलीचे चित्र. आणि 'फोटोग्राफ' हा शब्द ज्या ग्रीक शब्दांपासून बनला त्यांचा अर्थ प्रकाशाने लिहिणे असा आहे. काम एकच, पण एका भाषेला त्यात प्रतिबिंब दिसले, दुसरीला सावली आणि तिसरीला प्रकाश. दिवसभर उर्दूत शिकवायचे, रात्री मराठीत लिहायचे आणि मोबाईलची बटणे इंग्रजीत दाबायची असे आमचे जगणे असल्यामुळे शब्दांचा असा किस काढण्याची खोड लागून गेली आहे. रंगाविना काढलेल्या निसर्गचित्रांचा नाद लागल्यापासून मात्र आम्हांला तिन्हींपैकी मराठी शब्दच सर्वांत नेमका वाटतो. रंगीत फोटोत सावली ही पुष्कळदा अडचण असते. काळ्यापांढऱ्यात सावलीच चित्र उभे करते.

कोकणातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही विज्ञान शिकवतो. प्रकाशाचे प्रकरण आले की आरसे, भिंगे, आपाती किरण आणि परावर्तित किरण यांच्या आकृत्या मुले निमूटपणे उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर निमूटपणे विसरतात. बी.एड.च्या वर्षी पाठटाचणात 'प्रात्यक्षिक' असा रकाना भरावा लागे. तो रकाना खरोखर भरावा असे एका पावसाळ्यात मनाने घेतले. मुलांना शाळेत मोबाईल आणायला बंदी, म्हणून फोन एकच, आमचा. त्याच्या कॅमेऱ्यातला रंग काढून टाकला आणि नववीच्या वर्गाला कुंपणालगतच्या जास्वंदीचा फोटो काढायला सांगितले. लालभडक फूल, भोवती हिरवीगार पाने. पहिला फोटो पाहून एक मुलगी म्हणाली, "टीचर, फूल किधर गया?"

फूल होते तिथेच होते. पण लाल आणि हिरवा हे दोन रंग डोळ्यांना जेवढे वेगळे तेवढेच ते करड्या छटेत जवळ येऊ शकतात. दोन्हींकडून येणारा उजेड साधारण सारखाच असेल, तर काळ्यापांढऱ्या चित्रात दोघांची छटा एकच होते आणि फूल पानांत विरून जाते. मग लाल जिलेटिन कागदाचा तुकडा भिंगासमोर धरला. आता फूल उजळून जवळजवळ पांढरे झाले आणि पाने काळवंडली. हिरवा कागद धरला तेव्हा उलटे झाले: पाने उजळली, फूल काळे. झाड तेच, ऊन तेच, कॅमेरा तोच. फक्त आपण मध्ये काय धरले त्यावर कोण उजेडात येणार आणि कोण अंधारात जाणार हे ठरले. वर्गात थोडा वेळ शांतता होती. आजकाल कोणता रंग कोणाचा याची माहिती आमच्या मुलांना आमच्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे त्या शांततेचा अर्थ आम्ही त्यांना विचारला नाही.

एवढे झाल्यावर त्यांना एक खरी गोष्ट सांगता आली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांतात योसेमिटी नावाचे खोरे आहे. तिथे 'हाफ डोम' हा ग्रॅनाइटचा प्रचंड सुळका खोऱ्याच्या तळापासून सुमारे ४,७०० फूट उंच उठतो, जणू घुमट मधोमध कापून अर्धा ठेवला आहे. १० एप्रिल १९२७ रोजी अॅन्सेल अॅडम्स नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण बर्फ तुडवत, पाठीवर लाकडी कॅमेरा, तिवई आणि काचेच्या बारा प्लेटा घेऊन त्या सुळक्यासमोरच्या कड्यावर चढला. सोबत त्याची होणारी पत्नी व्हर्जिनिया आणि काही मित्र होते. तिथे पोहोचेपर्यंत दोनच प्लेटा उरल्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली. चित्र उघडायच्या आतच त्याच्या लक्षात आले की असे काढले तर ते नीटनेटके येईल, पण कड्यासमोर उभे राहून छाती दडपते ती त्यात येणार नाही. मग शेवटच्या प्लेटेसाठी त्याने गडद लाल फिल्टर चढवला. लाल फिल्टर निळा उजेड अडवतो. त्यामुळे निळे आकाश जवळजवळ काळे झाले, निळ्या आकाशाच्या उजेडावरच जगणाऱ्या सावल्याही खोल गेल्या, आणि त्या काळोखातून कड्याचा दगडी चेहरा आणि पायथ्याचे बर्फ पुढे आले. आकाश त्या दिवशी असे काळे नव्हते. मग हे चित्र खोटे का? मुलांनी हा प्रश्न विचारलाच. आम्ही त्यांना उलट विचारले की रंगच काढून टाकल्यावर 'जसेच्या तसे' चित्र कोणते राहिले? पहिले, की दुसरे? काळ्यापांढऱ्यात नक्कल करणे शक्यच नसते. प्रत्येक रंगाला कोणती छटा द्यायची याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. अॅडम्सने तो आधी मनात घेतला आणि मग बटण दाबले. पुढे आयुष्यभर तो हेच शिकवत राहिला.

अॅडम्स मुळात पियानो शिकलेला माणूस. सॅन फ्रान्सिस्कोत १९०२ साली जन्मला, शाळेत रमला नाही म्हणून वडिलांनी त्याला शाळेतून काढून घरी शिकवले (हे आम्ही वर्गात सांगत नाही), आणि १९१६ साली योसेमिटीच्या सहलीत वडिलांनी दिलेल्या साध्या ब्राउनी कॅमेऱ्याने त्याचे नशीब फिरले. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली सुरावट आणि छपाई म्हणजे मैफल, असे तो समजावत असे. ज्यांनी डार्करूम पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. आमच्या मामूंचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रंगीत फोटोंचे राज्य असूनही अर्जांना लावायचे काळेपांढरे फोटो ते स्वतः धूत. लाल बल्बचा उजेड, हायपोचा आंबूस वास, आणि ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू उगवणारा चेहरा. त्या कागदाला लाल उजेड दिसत नाही म्हणून लाल बल्ब, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. मामू फोटो छापताना उजेडाच्या झोतात हाताचा पंजा हलवत असत, त्याची आम्हांला गंमत वाटे. चेहऱ्याचा जो भाग फार काळा येणार असेल त्यावर ते हाताची सावली धरत आणि तेवढा भाग उजळ ठेवत. सावलीने काळेपणा कमी होतो ही उलटी बात आम्हांला फार पुढे कळली.

अॅडम्सने फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर १९४० च्या सुमारास या सगळ्याचे एक शास्त्रच बांधले. त्याला 'झोन सिस्टिम' म्हणतात. निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या. पाचवी पायरी मधला करडा. दर पायरीला उजेड दुप्पट. या पायऱ्यांत आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिसरी. शून्यावर नुसता काळोख असतो. तिसरीवर काळोख असतो पण त्यात काय आहे ते दिसते. झाडाच्या बुंध्याच्या खाचा, खडकाच्या पोटातले शेवाळ, उंबऱ्याआतला अंधार. फिल्मच्या काळात नियम असा होता की उजेड किती आत घ्यायचा हे सावलीकडे पाहून ठरवायचे, आणि उजळ भाग नंतर फिल्म धुण्याच्या वेळेवर सांभाळायचा. कारण उजळ भाग जास्त झाला तर त्याला आवरता येते, पण सावलीतला जो तपशील फिल्मवर उमटलाच नाही तो पुढे कितीही धुतले तरी परत येत नाही. कॅमेरे आता डिजिटल झाले आणि त्यांच्यात धोका उलटा आहे, तिथे पांढरे जळून जाते. पण फिल्मचा तो जुना नियम शिक्षकाने भिंतीवर लावावा असा आहे. मागच्या बाकावर जे बसतात त्यांच्या मानाने धडा बेतावा लागतो; पुढच्या बाकावरचे सांभाळून घेतात.

आता घरातला प्रश्न. आपल्या वाचकांपैकी निम्म्यांच्या मनात तो एव्हाना आला असेलच. आमची नानी फोटोच्या विरुद्ध होती. स्वतःचा मुलगा फोटोग्राफर, आणि तिच्या नमाजच्या खोलीत एकही तसवीर नाही. लग्नाचे अल्बम पेटीत, हजचा फोटो पासपोर्टात. पण भिंतीवर एक चौकट होती: मामूंनी काढलेले खाडीचे काळेपांढरे चित्र. ओहोटीचा चिखल, कांदळाची मुळे आणि वर ढग. "उसमें रूह नहीं," असे ती म्हणे आणि प्रश्न मिटे. तिला आधार ठाऊक होता की नाही सांगता येत नाही, पण आधार आहे. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्न अब्बास यांच्याकडे आला तेव्हा, काढायचीच असतील तर झाडांची आणि ज्यांत जीव नाही अशा वस्तूंची काढ, असे त्यांनी सांगितल्याची रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी तर फोटोग्राफी जायज ठरवताना फोटो म्हणजे चित्र घडवणे नव्हे, ती केवळ सावली अडवून ठेवणे आहे, असा मुद्दा मांडला. सावली अडवून ठेवणे! मुफ्तीसाहेबांना छायाचित्र हा मराठी शब्द ठाऊक असता तर ते खूश झाले असते. उलेमांत यावर मतभेद आहेत आणि ते मिटवण्याइतके आमचे शिक्षण नाही. आमच्या वर्गापुरते बोलायचे तर एका मुलीच्या वडिलांनी "फोटो-बिटो नको" असा निरोप पाठवला होता. त्यांना नानीच्या भिंतीवरच्या खाडीची हकिकत सांगितली. "दरख्त, पत्थर का क्या है टीचर, निकालने दो," असे म्हणून ते निघून गेले.

याच ओघात एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. 'कॅमेरा' हा शब्द मुसलमानांनी दिला, तो अरबीतून आला, असा मजकूर आपल्या लोकांत मोबाईलवर फिरत असतो. शब्द लॅटिन आहे, अर्थ खोली. आपण बोलतो तो 'कमरा' पोर्तुगिजांकडून आला आणि तोही त्याच लॅटिन शब्दाचा वंशज, म्हणजे कमरा आणि कॅमेरा हे एकमेकांचे चुलतभाऊ. खरी गोष्ट याहून मोठी आहे. बसऱ्यात दहाव्या शतकात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या उजेडावर प्रयोग केले, ग्रहणातल्या सूर्याची कोर छिद्रातून कशी पडते यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि 'किताब अल-मनाझिर'मध्ये दिसणे म्हणजे डोळ्यांतून किरण बाहेर पडणे नव्हे, वस्तूवरून उजेड डोळ्यांत येणे, हे पायरीपायरीने दाखवले. एवढ्या माणसाला खोट्या दागिन्याची गरज काय?

पण आमच्या या उद्योगाला खरा आक्षेप ना नानीचा होता ना त्या वडिलांचा. तो आला स्टाफरूममधून. एक ज्येष्ठ सहकारी, मनाने अतिशय सरळ, चहाचा कप ठेवत म्हणाले, "या पोरांना दहावीनंतर काय, हा प्रश्न आहे. मराठी धड येत नाही, इंग्रजी येत नाही, घर भाड्याने मागायला गेले तर नाव ऐकून दार बंद होते. आणि तुम्ही त्यांना दगड दाखवताय?" या प्रश्नाची चेष्टा करता येत नाही. मुस्लिम मराठी लेखनात तर तो निराळ्या शब्दांत नेहमीच विचारला गेला आहे: माणसे भरडली जात असताना झाडांवर काय लिहिता? खुद्द अॅडम्सलाही तो चुकला नाही. जग कोसळत असताना अॅडम्स आणि वेस्टन खडकांचे फोटो काढत बसलेत, अशा अर्थाचा एक टोमणा फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांच्या नावावर सांगितला जातो.

त्यावर आम्ही त्या सहकाऱ्यांना मॅन्झनारची हकिकत सांगितली. ती लांबली आणि त्यांचा पुढचा तास बुडाला.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका हुकुमावर सही केली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या माणसांना घरे, दुकाने, शेते सोडून छावण्यांत जावे लागले. एक लाख वीस हजारांच्या आसपास माणसे. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक. गुन्हा कोणावर सिद्ध झालेला नाही. चेहरा आणि आडनाव पुरले. त्यांतली एक छावणी कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी, मॅन्झनार येथे होती. तारांच्या कुंपणाआड दहा हजारांवर माणसे, लाकडी बराकी, वारा आणि धूळ. १९४३ च्या शरदात अॅडम्स तिथे गेला. ज्याच्यावर खडक काढतो म्हणून आरोप होता त्याने तिथे चेहरे काढले: शिक्षिका, शेतकरी, नर्स, शाळकरी पोरे, अगदी जवळून, हाफ डोमच्या दगडाकडे पाहावे तशा बारकाईने. १९४४ साली त्यांचे 'बॉर्न फ्री अँड इक्वल' हे पुस्तक निघाले, युद्ध चालू असताना. पहारेकऱ्यांचे मनोरे आणि काटेरी तारा काढायला त्याला मनाई होती आणि ती उणीव त्या चित्रांत जाणवते. डोंगरांच्या भव्यतेने या लोकांना बळ दिले असे त्याचे म्हणणे होते. ते आम्हांला पुरते पटत नाही. कुंपणातून दिसणारा डोंगर आणि मोकळ्या वाटेवरून दिसणारा डोंगर एकच असतो असे म्हणायला कुंपणाबाहेर उभे राहावे लागते.

पण आमच्या मनात घर केले आहे ते कुंपणाच्या आतल्या माणसाने. तोयो मियाताके हे लॉस एंजेलिसमधले नामांकित स्टुडिओवाले. जपानी वंशाच्या कैद्यांना कॅमेरा बाळगायला बंदी असताना त्यांनी एक भिंग आणि फिल्मचा होल्डर लपवून छावणीत आणला. तिथल्याच एका सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली, भिंग पुढे-मागे सरकायला नळाच्या पाइपचा आट्यांचा तुकडा बसवला, आणि कॅमेरा तयार. पुढे अधिकाऱ्यांना कळले तेव्हा त्यांना परवानगी मिळाली, पण आरंभी अट अशी की सगळी मांडणी मियाताके यांनी करायची आणि बटण मात्र गोऱ्या माणसाने दाबायचे! ही अट ऐकून आमचे सहकारी मोठ्याने हसले आणि मग एकदम गप्प झाले. त्याच छावणीत कैद्यांनी दगड आणून बागा रचल्या, तळी खणली. खायची भ्रांत, उद्याची खात्री नाही, आणि ही माणसे कोणता दगड कसा कलता ठेवला म्हणजे पाण्यात बरा दिसेल याचा विचार करत होती. 'माणसे भरडली जात असताना' त्यांना दगड नको असतात, हे आम्ही कोणाच्या वतीने ठरवतो?

१९८८ साली अमेरिकी सरकारने कायदा करून या लोकांची माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. अॅडम्सने मॅन्झनारची आपली छायाचित्रे १९६५ सालीच तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊन टाकली होती. ती आज कोणालाही पाहता येतात. याच फेऱ्यांत १९४४ मध्ये त्याने मॅन्झनारजवळून माउंट विल्यमसनचे प्रसिद्ध चित्र काढले: समोर शिळांचे रान, मागे १४ हजार फुटांहून उंच शिखर, ढगांतून तुटून येणारा उजेड. छावणी त्यात कुठेही नाही. पण ती कुठे होती हे ठाऊक झाल्यावर त्या शिळा आम्हांला पूर्वीसारख्या दिसत नाहीत.

त्याच वर्षीचे, तिथून काही मैलांवर काढलेले दुसरे चित्र आम्ही वर्गात दाखवतो. लोन पाइन गावाजवळची हिवाळ्यातली पहाट. पर्वताच्या बर्फावर ऊन पडले आहे, मधली टेकडी काळी आणि पुढच्या कुरणात उजेडाच्या एका पट्ट्यात चरणारा घोडा. कडाक्याच्या थंडीत कितीतरी पहाटे वाया घालवल्यावर हे चित्र मिळाले. घोडा बराच वेळ पाठ करून उभा होता, ऐन वेळी वळला. मात्र या चित्रात एक भानगड आहे. त्या गावच्या शाळेतल्या मुलांनी मधल्या टेकडीवर चुन्याने गावाच्या नावाची दोन मोठी अक्षरे रंगवली होती, आणि अॅडम्सने ती चित्रातून पुसून टाकली. त्यावरून त्याच्यावर टीका झाली. त्याला ती अक्षरे म्हणजे डोंगरावरचा डाग वाटत होती.

गेल्या पावसाळ्यात आमची मुले गावामागच्या सड्यावर गेली होती. जांभ्याचा कातळ कोरडा असतो तेव्हा तांबडा आणि नीरस दिसतो, पण पहिल्या पावसानंतर त्याच्या खळग्यांत पाणी साचते, आणि सायंकाळचे तिरपे ऊन पडले की प्रत्येक भोकाला आपली सावली मिळते. रंग काढला की कातळ चाळणीसारखा, मधाच्या पोळ्यासारखा दिसू लागतो. "फूल किधर गया" म्हणणाऱ्या मुलीने तिथे एक चित्र काढले. खाली खडबडीत कातळ, मध्ये ढग धरून ठेवलेले डबके, आणि वर कोपऱ्यातून आडव्या गेलेल्या विजेच्या दोन तारा. सावलीतला खडक काळा आहे पण त्याचा कण न् कण मोजता येतो. अगदी तिसरी पायरी.

वर्गात फोनवर ते चित्र हातोहात फिरले. तारा पुसून टाकाव्यात का, यावर वाद झाला. फोनमध्ये ती सोय आहे, बोट फिरवले की तार गायब. अर्ध्या मुलांचे म्हणणे, अॅडम्सने अक्षरे पुसली तर आपण तारा का नको? मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला, जो सहसा करत नाही. तो म्हणाला की सड्यापलीकडच्या वाडीत त्याचे घर आहे आणि या तारा तो दुसरीत असताना आल्या. त्याआधी रात्री घरी चिमणी असे.

मुलीने फोन परत घेतला, चित्र थोडा वेळ पाहिले आणि तारांसकट जतन केले.